जुन्या डिटेक्टरसाठी चार्जर शोधताना

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली व्हाइट्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी २०२० मध्ये बंद पडली. तिच्या जुन्या मेटल डिटेक्टरांचा मूळ चार्जर आता बहुधा वापरलेलाच मिळणार. पिन बसली म्हणजे अ‍ॅडॉप्टर चालेलच, असे नाही. आधी बॅटरीची जात पाहा. निकेल-कॅडमियमच्या आठ पेन्सिल सेलांचा पॅक ९.६ व्होल्टचा असतो. पण भरत आला की तो साडेअकरा व्होल्टच्या आसपास चढतो. त्यामुळे ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर निरुपयोगी. मंद चार्जिंगला विद्युतप्रवाह क्षमतेच्या दहाव्या भागाइतका लागतो, म्हणजे ६०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला ६० मिलिअँपिअर, आणि वेळ १४ ते १६ तास. पिनेचा आतला भाग धन की ऋण, हे मीटरने तपासलेच पाहिजे. उलटे जोडले तर सर्किट जळू शकते. मिनलॅब या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या सोनेशोधक डिटेक्टरांना ६ व्होल्टची बंदिस्त लेड-अ‍ॅसिड बॅटरी असे. तिचा चार्जर वेगळाच. आणि सेल सुटे निघत असतील, तर मूळ चार्जरमागे धावूच नये. निकेल-मेटल हायड्राइडचे सेल घ्या, बाहेर काढून त्यांच्याच साध्या चार्जरवर भरा. लिथियम सेल मात्र या जुन्या चार्जरांना कधीही लावू नका; आग लागू शकते.