बाईचं काम आणि देशाचं उत्पन्न

देशात कामकरी माणसं किती, याची सरकारी पाहणी दरवर्षी होते. २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरच्या शंभर पुरुषांमागे सुमारे ७९ जण काम करणारे किंवा काम शोधणारे निघाले. बायका मात्र शंभरात ४२. २०१७-१८ मध्ये तर त्या २३च होत्या.

मग बाकीच्या बसून असतात का? २०१९च्या सरकारी पाहणीत दिसलं, की घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळपास पाच तास घालवते. घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटं. पण खानावळीत थापलेली भाकरी देशाच्या उत्पन्नात धरतात, घरच्या चुलीवर ती थापण्याचे कष्ट धरत नाहीत.

वाढलेल्या आकड्यातही मेख आहे. कामकरी बायकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणी घरच्याच शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. म्हशीची धार ती काढते, डेअरीचं बिल नवऱ्याच्या खात्यात जातं.

देश श्रीमंत झाला की बायकांना आपोआप काम मिळेल, असंही नाही. २००४-०५ नंतर देशाचं उत्पन्न वाढत गेलं, पण २०१७-१८पर्यंत बायकांचं प्रमाण घटलं. मुली जास्त शिकू लागल्या, हे चांगलंच झालं. पण घरात चार पैसे आले की बाईची मजुरी आधी सुटते, तणनाशक आलं की खुरपणी जाते. शिकलेल्या बाईला जवळपास साजेसं काम मिळालं, तरच ती परत कमावू लागते. अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदींत क्लॉडिया गोल्डिन यांना असाच उतार आणि मग चढ दिसला. २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

घरकामाच्या पाच तासांतला एक तास जरी सुटला, तरी तो कमाईला लागू शकतो. तिथून घराचंही उत्पन्न वाढतं आणि देशाचंही. म्हणून आम्ही गटागटांत तीन गोष्टी सांगतो. दुधाचं बिल स्वतःच्या, निदान जोडखात्यावर घ्या. ग्रामसभेत नळाचं पाणी आणि पाळणाघर मागा. आणि पाहणीवाले दारात आले, की सकाळपासूनची सगळी कामं एकेक करून सांगा. सांगितलं तरच ते लिहिलं जाईल.