कपड्यांवरील जुने डाग व त्यांचे उपाय

शाळेचे सदरे बहुतेकांपाशीं एक किंवा दोनच असतात. त्यांवर डाग पडला कीं घरीं बोलणीं बसतील या भयानें पुष्कळ मुलें सदरा घडी करून कपड्यांच्या तळाशीं दडवितात. आठवड्यानें तो आईच्या हातीं लागतो, तोंवर डाग धाग्यांत मुरलेला असतो. मग कढत पाणी, सोडा व घासणें यांचा मारा होतो; सदरा विरतो, परंतु डाग जात नाहीं. यास्तव डाग कशाचा आहे हें आधीं ओळखावें व मगच पाण्यास हात लावावा.

चारठाण्याच्या परिसरांतील काळ्या जमिनीचा चिखल सर्वांच्या परिचयाचा आहे. तो ओला असतांना चोळल्यास बारीक माती धाग्यांत अधिकच शिरते. तो पूर्ण वाळूं द्यावा, झटकावा व नंतर साबणानें धुवावा.

रक्ताच्या डागास ऊन पाणी लावूं नये. उष्णतेनें अंड्याचा बलक जसा गोठतो, तशींच रक्तांतील प्रथिनें गोठून धाग्यास चिकटतात. डाग जुना असल्यास कपडा थंड पाण्यांत मीठ घालून कांहीं तास भिजवावा व मग साबण लावावा.

हळदीची गोष्ट निराळी. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांतील वसमतची हळद प्रसिद्धच आहे. हळदीच्या डागास साबण लावतांच तो तांबडा होतो व मुलें घाबरतात. हळदींत चुना मिसळून कुंकू करतात, तेव्हां जी क्रिया घडते तीच ही होय. साबण चुन्याप्रमाणेंच क्षारधर्मी आहे. हळदींतील कर्क्युमिन हें रंगद्रव्य सूर्यप्रकाशांत टिकत नाहीं. म्हणून कपडा धुवून ओला असतांनाच कडक उन्हांत पसरावा. दोनतीन दिवस असें केल्यास जुना डागहि फिका पडत जातो.

लोखंडी तारेवर वाळत घातलेल्या कपड्यास गंज लागतो. त्यावर लिंबाचा रस व मीठ लावून उन्हांत ठेवावें व मग स्वच्छ धुवावें. लिंबांतील आम्लानें गंज विरघळतो. मात्र लिंबू लावलेल्या कपड्यावर ब्लीचिंग पावडर कधींहि घालूं नये. दोहोंच्या संयोगानें क्लोरीन हा विषारी वायु निघतो. रंगीत कापडावर कोणताहि उपाय करण्यापूर्वीं तो आंतल्या कोपऱ्यावर करून पाहावा.

बॉलपेनच्या शाईखालीं जुनें फडकें ठेवून वरून स्पिरिटचा बोळा टिपावा, म्हणजे शाई फडक्यांत उतरते. हें काम विस्तवापासून दूर व वडील माणसांच्या देखत करावें.

एक डाग मात्र कोणासहि दाद देत नाहीं, तो बिब्ब्याचा. बिब्ब्याचें तेल हवा लागतांच काळें पडतें व पाण्यानें निघत नाहीं. याच गुणामुळें धोबी लोक कपड्यांवर खुणा करण्यास बिब्बा वापरीत. त्याच्या शास्त्रीय नांवांतील 'सेमेकार्पस' या शब्दाचा अर्थहि खुणेचें फळ असाच आहे. त्यानें कातडीहि भाजते. म्हणून मुलांनीं त्यापासून दूर राहावें.

इतर बहुतेक डागांस उपाय आहे, पण तो वेळेवर झाला पाहिजे. म्हणून सदरा डागळेल त्याच संध्याकाळीं तो आईपुढें ठेवावा व डाग कशाचा तें खरें सांगावें. पालकांनींहि रागें भरण्याआधीं तो पाण्यांत घालावा. नाहींतर पुढच्या वेळीं मूल तो पुन्हां तळाशींच दडवील.