एका मनगटावर दोघांची दाटी

एकचाकी सायकलवरून माणूस पडतो तेव्हा हात आपोआप पुढे जातात आणि सगळा भार तळव्यांवर येतो. अंगठ्याच्या बुडाशी असलेलं स्कॅफॉइड हे काजूएवढं हाड अशा वेळी मोडू शकतं. त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून ते सांधायला कधी कधी महिने लागतात. रिस्ट गार्डमधली कडक पट्टी मनगट फार मागे दुमडू देत नाही. पंचाईत अशी, की स्मार्टवॉचलाही नेमकी तीच जागा हवी असते.

घड्याळ गार्डखाली दडपलं तर पडताना ती टणक डबी हाडावरच रुतते. शिवाय कडेची बटणं दाबली जाऊन नोंद मध्येच थांबते, हा वैताग वेगळा. गार्डवरून बांधलं तर काच रस्त्याला घासते आणि नाडीचे ठोकेही मिळत नाहीत. घड्याळ कातडीत हिरवा प्रकाश सोडतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर तो किती शोषला गेला ते मोजतं. मध्ये कापड आलं की खेळ संपला.

त्यापेक्षा लांब पट्टा घेऊन घड्याळ गार्डच्या वर, कोपराच्या दिशेने सरकवावं. ठोक्यांचा नेमका आकडाच हवा असेल तर छातीचा पट्टा बरा. तो हृदयाचे विद्युतसंकेत टिपतो. अंतरासाठी तर घड्याळही लागत नाही. साध्या एकचाकीला गिअर नसतात, पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. ३६ इंची चाक त्यात सुमारे २.८७ मीटर पुढे जातं. फेरे मोजत बसायची हौस मात्र हवी!