भाड्याची खोली आणि बारीक अक्षरे

गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची, फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकूंचे पान, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा फोटोसंग्रह... हे सारे इंटरनेटवर केव्हाही दिसायचे, तर कुठेतरी एक संगणक चोवीस तास जागा असावा लागतो. तो म्हणजे सर्व्हर. अख्खा सर्व्हर परवडत नाही, म्हणून एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरने भाग पाडून एकेक भाग भाड्याने देतात. हाच व्हर्च्युअल सर्व्हर, बोलीभाषेत ‘व्हीपीएस’. महिना चार-पाचशे रुपयांतही तो मिळतो.

हे सारे मला चाळीसारखे वाटते. खोली वेगळी, कुलूप वेगळे, पण गच्चीवरची टाकी एकच. शेजाऱ्याने लग्नघरासाठी पिंपे भरायला घेतली की आपल्या नळाची धार बारीक होते. सगळे एकाच वेळी नळ सोडणार नाहीत, या हिशेबावरच तर भाडे कमी ठेवलेले असते. म्हणून करारात ‘वाजवी वापरा’चे कलम येते; किती वापर वाजवी, हे बहुधा मालक ठरवतो.

अशा कंपन्यांच्या सेवाशर्ती वाचण्याची मला खोड आहे. जाहिरातीत ‘९९.९ टक्के वेळ चालू’ असे ठळक छापलेले असते. हिशेब करून पाहा: वर्षातून पावणेनऊ तास बंद राहूनही हे वचन पाळले जाते. त्याहून अधिक बंद राहिले, तर भरपाई म्हणून सहसा भाड्यात सूट मिळते. दिवाळीच्या तोंडावर हुकलेल्या ऑर्डरींचा त्यात विचार नसतो. भाडे थकले की सेवा थांबते आणि काही दिवसांनी सारे पुसले जाते. त्याच कागदात पुढे कुठेतरी लिहिलेले असते: माहितीची प्रत ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाची.

या वाक्याची किंमत १० मार्च २०२१ रोजी कळली. मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या केंद्राला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. मात्र लाखो संकेतस्थळे बंद पडली. ‘रस्ट’ या खेळाच्या युरोपातील अनेक खेळाडूंची माहिती कायमची गेली. ज्यांची प्रत दुसरीकडे होती, ते सावरले.

एका ग्राहकाने तर पैसे मोजून बॅकअपची सोय घेतली होती. ही प्रत सर्व्हरच्या यंत्रणेपासून भौतिकदृष्ट्या वेगळी राहील, असे करारात होते. प्रत्यक्षात ती त्याच इमारतीत होती, आणि सर्व्हरबरोबर तीही जळाली. प्रकरण लीलच्या व्यापारी न्यायालयात गेले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने करारातील त्या शब्दांवर बोट ठेवून कंपनीला भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाईची वाट निघाली ती या शब्दांतून; जळालेली माहिती मात्र न्यायालयालाही परत आणता येत नाही.

स्वस्त सर्व्हर घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. छोट्या संस्थांना त्यानेच जगासमोर उभे केले. पण पैसे भरण्यापूर्वी चार कलमे शोधावीत: बॅकअप कोणाचा आणि कुठे, सेवा कोणत्या कारणाने थांबेल, थांबल्यावर माहिती काढून घ्यायला किती दिवस मिळतील आणि भरपाईची कमाल मर्यादा किती. मग प्रत स्वतःकडे उतरवून घ्यावी, आणि ती खरोखर उघडते का हेही पाहावे. न उघडणारी प्रत ऐन वेळी कामाची नाही.

वाचनालयाच्या सूचीत एखाद्या ग्रंथपालाची वीस वर्षे गेलेली असतात. तिची प्रत उतरवायला अर्धा तास पुरे. घरात संगणकातले कळणारे लेकरू असेल, तर आजच्या जेवणानंतर त्याला बसवावे.