एकसष्टावी जागा

4 जानेवारी 1949 रोजी दिल्लीत संविधान सभेपुढे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी आली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती लोकसभेसाठी नाकारली. निरक्षर मतदाराला ही पद्धत झेपणार नाही, हे एक कारण त्यांनी दिले. त्यांचा खरा भर मात्र स्थैर्यावर होता. सभागृहात लहान लहान गट झाले तर कोणत्याही क्षुल्लक कारणाने सरकार कोसळेल आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला ते परवडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बरोबर तीन आठवड्यांनी, 25 जानेवारीला, दुसऱ्या एका नव्या देशाची पहिली निवडणूक याच पद्धतीने झाली. तो देश इस्रायल.

तिथली रचना समजायला सोपी आहे. अख्खा देश हाच एक मतदारसंघ. मतदार उमेदवार निवडत नाही, पक्षाची यादी निवडतो. क्नेसेट या संसदेच्या 120 जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. सुरुवातीची चार दशके एक टक्का मते मिळाली तरी सभागृहात शिरता येत असे. सरकार बनवायला 61 जागा लागतात आणि आजवर एकाही पक्षाला एकट्याच्या बळावर निवडणुकीत त्या मिळालेल्या नाहीत. सर्वांत मोठे यश 1969 चे. तेव्हा मजूर पक्षाच्या आघाडीने 56 जागा जिंकल्या होत्या.

यावरून सरसकट निष्कर्ष काढला जातो तो असा, की ही पद्धत लहान पक्षांच्या हाती देश सोपवते. मला तो अर्धवट वाटतो. 1949 चेच आकडे पाहा. पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या मापाई पक्षाला 46 जागा होत्या आणि डाव्या मापाम पक्षाला 19. दोघे मिळून 65, म्हणजे बहुमत तयार होते. पण मापामचा ओढा सोव्हिएत रशियाकडे होता. त्याला सोबत घेतले असते तर परराष्ट्र धोरण आणि संरक्षण या दोन्ही बाबतींत वाटणी द्यावी लागली असती. उजवा हेरुत पक्ष आणि कम्युनिस्ट या दोघांना आपण कधीही सरकारात घेणार नाही, हे बेन-गुरियन यांनी आधीच जाहीर केले होते. मग उरली 16 जागांची संयुक्त धार्मिक आघाडी. तिला युद्ध, परराष्ट्र संबंध, अर्थकारण यांत फारसा रस नव्हता. तिच्या मागण्या ठरलेल्या होत्या: शब्बाथ (शनिवारची विश्रांती), आहाराचे नियम, शाळा आणि विवाह. बेन-गुरियन यांना हा सौदा स्वस्त वाटला.

त्याची पायाभरणी राज्य स्थापन होण्याआधीच झाली होती. जून 1947 मध्ये ज्यू एजन्सीच्या वतीने बेन-गुरियन यांनी अगुदात इस्रायल या कर्मठ पक्षाला पत्र पाठवून नेमक्या याच चार बाबतींत आश्वासने दिली होती. पुढे 1953 च्या कायद्याने ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट धर्मपीठांच्या, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) न्यायालयांच्या, ताब्यात गेले. आघाडीतला एक विषय मोठ्या पक्षाने कायमचा सोडून दिला.

सोडून दिलेला विषय कुणाच्या ना कुणाच्या घरात जाऊन पोचतोच. हा पोचला आपल्या कोकणातून गेलेल्या माणसांच्या घरात. अलिबाग, पेण, रोह्याच्या गावांत शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले बेने इस्रायली 1948 नंतर तिकडे स्थलांतरित होऊ लागले. मराठी बोलणाऱ्या या समाजाचे ज्यूपण कोकणात कुणी विचारले नव्हते. इस्रायलमध्ये मात्र त्यांच्या लग्नांबद्दल शंका काढण्यात आली: पूर्वजांचे घटस्फोट शास्त्रानुसार झाले होते का, रक्तात परधर्मीय मिसळले आहेत का? मुख्य धर्मपीठाने ऑक्टोबर 1961 मध्ये या समाजाशी विवाहाला मान्यता दिली खरी. पण फेब्रुवारी 1962 च्या निर्देशांनी तिच्यात अट घातली. बेने इस्रायली व्यक्तीला समाजाबाहेर लग्न करायचे असेल, तर तिच्या पूर्वजांची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत, चौकशी करावी असे रब्बींना सांगण्यात आले.

क्नेसेटमध्ये या समाजाचा स्वतःचा पक्ष नव्हता. आघाडीच्या वाटाघाटींत त्यांच्या बाजूने उठून जाण्याची धमकी देणारे कुणी नव्हते. त्यांच्यापुढे रस्त्यावर उतरण्याचाच मार्ग होता आणि ते उतरले. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांचे आंदोलन इतके पेटले की, ऑगस्टमध्ये क्नेसेटचे खास अधिवेशन बोलवावे लागले. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्रायली हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, असे ठामपणे सांगितले आणि सभागृहाने त्याला दुजोरा दिला. त्यानंतर धर्मपीठाने निर्देशांतून समाजाचे नाव काढले आणि चौकशीचा नियम वंशाबद्दल शंका असलेल्या कुणालाही लागू केला. विवाहावरची धर्मपीठाची मक्तेदारी मात्र तशीच राहिली. आजही इस्रायलच्या भूमीवर नागरी विवाह लावता येत नाही. ज्यांना तो हवा असतो त्यांतले अनेक जण सायप्रसला जाऊन येतात.

1977 ची बेरीज याहून बोलकी आहे. त्या आधी, डिसेंबर 1976 मध्ये, अमेरिकेहून आलेल्या एफ-15 विमानांचा स्वागतसमारंभ शब्बाथला टेकला म्हणून अविश्वास ठराव आला, राष्ट्रीय धार्मिक पक्षाचे मंत्री तटस्थ राहिले आणि पंतप्रधान राबिन यांनी सरकारच विसर्जित केले. मे महिन्यात उजव्या लिकुडचे नेते मेनाखेम बेगिन जिंकले. लिकुडच्या 43, शारोन यांच्या गटाच्या 2, राष्ट्रीय धार्मिक पक्षाच्या 12 आणि अगुदात इस्रायलच्या 4 जागा, एकूण 61. धर्मपाठशाळांच्या विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून सूट 1948 पासून होती, पण ती सुरुवातीला 400 जणांपुरती. त्या चार जागांसाठी बेगिन यांनी संख्येची मर्यादाच उठवली. ऑक्टोबरमध्ये 15 जागांचा दाश पक्ष सरकारात आला. आता अगुदातची गरज उरली नव्हती. तरीही सवलत मागे घेतली गेली नाही. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने या विद्यार्थ्यांना भरती करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या सवलतीवर तीन पिढ्या वाढलेल्या होत्या.

लहान पक्षांना आवर घालण्यासाठी निवडणुकीचे नियम बदलून पाहण्यात आले. 1996 पासून पंतप्रधानाची निवड थेट मतदानाने सुरू झाली, आणि झाले भलतेच. मतदाराने एक मत मोठ्या नेत्याला दिले आणि दुसरे निर्धास्तपणे आपल्या जमातीच्या पक्षाला. 1992 मध्ये मजूर पक्ष आणि लिकुड यांच्या मिळून 76 जागा होत्या, 1999 मध्ये 45 राहिल्या. त्याच काळात कर्मठ शास पक्ष 6 वरून 17 वर गेला. 2001 मध्ये तो कायदा रद्द करावा लागला. मग 2014 मध्ये किमान मतांची अट सव्वातीन टक्क्यांवर नेण्यात आली. तिचा परिणाम 2022 मध्ये दिसला. डावा मेरेट्झ पक्ष 3.16 टक्क्यांवर अडकला, अरब बलाद पक्ष त्याहून खाली, आणि दोघांची मिळून सुमारे सहा टक्के मते वाया गेली. याउलट बेन-ग्वीर आणि स्मोट्रिच यांच्या कडव्या पक्षांनी एका यादीवर लढून 14 जागा घेतल्या. 64 जागांच्या सरकारात ते जाऊन बसले, एक पोलीस खात्यावर, दुसरा अर्थखात्यावर. देशभरात सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही गटांना मिळालेली मते मात्र जवळपास सारखी होती.

लहान पक्षाचे खरे बळ मोठ्या पक्षांच्या नकारातून येते, हे माझे म्हणणे आहे. ज्यांच्याबरोबर कधीच बसायचे नाही अशांची यादी जितकी लांब, तितकी उरलेल्यांची किंमत जास्त. स्वतंत्र अरब पक्ष दशकानुदशके या यादीत राहिले. जून 2021 मध्ये 60 विरुद्ध 59 मतांनी सरकार आले तेव्हा मन्सूर अब्बास यांच्या चार जागांच्या राआम पक्षाला प्रथमच आघाडीत स्थान मिळाले, तेही वर्षभरापुरते.

आपल्याकडे मतांची टक्केवारी आणि जागा यांतली तफावत पाहून प्रमाणशीर पद्धतीची मागणी अधूनमधून होते, आणि ती रास्त आहे. ती करणाऱ्यांनी, आणि तिला विरोध करणाऱ्यांनीही, मोठ्या पक्षांकडून एका प्रश्नाचे उत्तर मतदानाआधी मागून घ्यावे: बहुमत कमी पडले तर तुम्ही कोणता विषय सोडून द्याल, आणि तो ज्यांच्या घरात जाऊन पोचेल त्यांच्या बाजूने तुमच्या बैठकीत कोण बोलणार आहे?