एवढं शिकून परत शेतीच?

‘एवढं शिकून परत शेतीच करणार का?’ गावाकडून शिकायला आलेल्या तुमच्यापैकी अनेकांनी हा प्रश्न घरातच ऐकला असेल. विचारणारे बहुतेक वेळा बाबाच असतात. भाव पडल्यावर टोमॅटो रस्त्यावर ओतताना त्यांनी पाहिलेत, त्यामुळे त्यांचंही चूक नाही. मग तरीही काही जण शेतीतच बिझनेस का सुरू करतात?

नाशिकच्या विलास शिंदेंचंच घ्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून एम.टेक. झाल्यावर नोकरीऐवजी त्यांनी शेती धरली आणि कर्जात गेले. एकट्याने कितीही चांगलं पिकवलं, तरी भाव आपल्या हातात नाही, हे त्यांना तिथेच कळलं. 2004 मध्ये मोजक्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी युरोपला द्राक्षं पाठवायला सुरुवात केली. 2010 मध्ये भारतीय द्राक्षांत एका रसायनाचे अंश सापडले आणि युरोपने माल अडवला. मोठा फटका बसला, तरी त्यांनी शेतकऱ्यांचे पैसे चुकते केले. याच विश्वासावर पुढे मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ उभी राहिली. आज द्राक्ष निर्यातीत ती देशात आघाडीवर आहे, आणि ती शेतकऱ्यांचीच कंपनी आहे.

‘सुला’च्या राजीव सामंत यांचा रस्ता अगदी उलटा. स्टॅनफर्डला शिक्षण, अमेरिकेत ऑरॅकलमध्ये नोकरी, मग परत नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर. आधी आंबा, गुलाब असे प्रयोग करून पाहिले. शेवटी वाइनची द्राक्षं लावली आणि 2000 मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. एकाला स्वतःला बसलेला चटका पुढे घेऊन गेला, तर दुसऱ्याला इतरांना न दिसलेली संधी.

यात रिस्क आहेच. पण सगळं एकट्याने करायची गरज नाही. दहा शेतकरी एकत्र आले तरी उत्पादक कंपनी काढता येते. गोदाम किंवा कोल्ड स्टोरेज उभारायला केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत मिळते.

तेव्हा या सुट्टीत घरी गेलात, की बाबांशी वाद घालू नका. फक्त विचारा, ‘टोमॅटो किती रुपये किलोने गेला?’ तुमच्या हॉस्टेलबाहेरच्या भाजीवाल्याचा भाव तुम्हाला माहीत आहेच. मधले पैसे नेमके कुठे जातात, हे दोघं मिळून कागदावर मांडा. तुमचा बिझनेस कदाचित तिथेच सापडेल.