गोळी चुकवू नका, शंका लपवू नका

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी पत्नीसह दवाखान्यात आले. वय ६८. दीड वर्षापूर्वी हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले, तेव्हा पांढऱ्या पेशी एक लाखावर निघाल्या होत्या. पुढील तपासण्यांत ‘क्रॉनिक मायलॉईड ल्युकेमिया’, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा सावकाश वाढणारा प्रकार असल्याचे निदान झाले. तज्ज्ञांनी इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी सुरू केली. काही महिन्यांत पेशींची संख्या पूर्ववत झाली. आता मात्र त्यांच्या हातात ‘बीसीआर-एबीएल’ तपासणीचा अहवाल होता आणि त्यातील आकडा वाढला होता.

“गोळी रोज घेता ना, गुरुजी?” मी विचारले. ते गप्प. पत्नी म्हणाल्या, “एक दिवसाआड घेतात, डॉक्टर. सकाळी डोळे सुजतात, रात्री पोटरीत गोळे येतात.” मग गुरुजी हळूच म्हणाले, “रक्त तर नॉर्मल आलं होतं. उगाच एवढं कडक औषध पोटात कशाला घालायचं?”

चूक एकट्या गुरुजींची नव्हती. रक्तदाब तपासायला ते दर महिन्याला माझ्याकडे येत. ती गोळी तज्ज्ञांचा विषय, असे समजून मी तिच्याबद्दल एकदाही विचारले नव्हते.

या आजारात अस्थिमज्जेतील पेशींमध्ये ९ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून तयार होणारे प्रथिन पेशींना सतत वाढत राहण्याचा हुकूम देते. इमॅटिनिब त्या प्रथिनाला रोखते. वॉशर गेलेल्या नळाच्या तोंडावर बोट दाबून धरावे, तसे हे काम आहे. पाणी थांबले म्हणजे नळ दुरुस्त झाला असे नव्हे. बोट काढले की धार पुन्हा सुरू!

मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो, तेव्हा ही गोळी नव्हती. तिला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. त्याआधी अशा रुग्णाच्या नातेवाइकांना मोजक्या वर्षांची भाषा ऐकावी लागे. आज नियमित गोळी घेणारे बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षे चांगले जगतात. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला.

डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे, मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ हे त्रास होऊ शकतात. बहुतेकांवर उपाय आहेत. गरज पडल्यास मात्रा बदलता येते किंवा दुसरी गोळी देता येते. पण हा निर्णय तज्ज्ञांचा. मात्र धाप लागणे, झपाट्याने वजन वाढणे, ताप येणे किंवा रक्तस्राव होणे यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

वाचकहो, एवढे लक्षात ठेवा:

• गोळी मुख्य जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी.

• एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

• क्षयावरील रिफाम्पिसिन, फिट्सवरील फेनिटॉइन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारख्या औषधांचा या गोळीशी मेळ बसत नाही. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी सर्व गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. काढे व भस्मेही विचारूनच घ्या.

• शेजाऱ्याशी तुलना नको. ‘क्रॉनिक लिम्फोसायटिक’ या दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला अनेकदा औषधच लागत नाही, फक्त लक्ष ठेवतात. आजार वेगळा, उपचार वेगळे.

गुरुजींना मी त्याच आठवड्यात तज्ज्ञांकडे पाठवले. गोळी रोज सुरू झाली, सुजेवर व गोळ्यांवर उपाय झाले. तीन महिन्यांनी आकडा खाली आला. आता ते गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करतात. आणि मी रक्तदाबाआधी त्या खुणांची चौकशी करतो.

औषधाची भीती वाटणे यात कमीपणा नाही. ती डॉक्टरांना सांगा. परस्पर गोळी मात्र बंद करू नका.